आरंभींच अडलें तर

आमचा धंदा काय, असें कोणीं विचारलें म्हणजे उत्तर देतांना आम्हांस थोडें थांबावें लागतें. संगणकावर काम करितों असें म्हणावें, तर आज तें कोण करीत नाहीं? दुकानदार करितो, तलाठी करितो, आणि हा अंक ज्यांच्या हातीं पडेल ते विद्यार्थीही करितात. आमचें काम मात्र पडद्यावर दिसणाऱ्या भागाचें नव्हे. यंत्र आणि मनुष्य यांच्यामध्यें जो एक मोठा प्रोग्राम अहोरात्र जागा असतो, त्याच्या पोटांतलें तें काम आहे. या प्रोग्रामास कर्नल म्हणतात. फौजेंतल्या कर्नलसाहेबांशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. कठीण कवचाआड जो गर असतो त्याचें इंग्रजी नांव उच्चारांत योगायोगानें तसेंच आहे, इतकेंच. शाळेच्या वार्षिकासाठीं चार पानें लिहावीं असें आम्हांस सुचविण्यांत आलें, तेव्हां या धंद्यांतील एकच गोष्ट सांगावी असें आम्हीं ठरविलें. ती ही कीं, काम सुरू करितांनाच कांहीं अडलें तर काय करावें. विषय लहान दिसतो. परंतु आमच्या आयुष्याचीं पुष्कळ वर्षें याच एका प्रश्नांत गेलीं आहेत.

ज्या कर्नलाशीं आमचा नित्याचा संबंध येतो त्याचें नांव लिनक्स. फिनलंड देशांत हेलसिंकी येथील विद्यापीठांत लायनस टोरव्हाल्ड्स नांवाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी शिकत होता. त्यानें १९९१ सालीं हा प्रोग्राम आपल्या घरच्या संगणकासाठीं लिहावयास घेतला, आणि त्याचा सगळा मजकूर कोणासही वाचतां यावा, बदलतां यावा असा खुला करून टाकला. आज त्या मजकुराच्या तीन कोटींहून अधिक ओळी झाल्या आहेत. पालकांपैकीं ज्यांच्या खिशांत अँड्रॉइडचा फोन असेल, त्यांच्या फोनाच्या तळाशीं हाच लिनक्स आहे. या कोट्यवधि ओळींतील फार मोठा भाग ड्रायव्हर नांवाच्या तुकड्यांचा आहे. येथेंही नांवानें फसूं नये. हा ड्रायव्हर गाडी हांकीत नाहीं. तो दुभाषी आहे. कीबोर्ड, कॅमेरा, आवाजाचें कार्ड, अशा एकेका यंत्रभागाची बोली त्याला येते आणि कर्नलाची भाषाही येते.

विजेचें बटण दाबल्यापासून पडद्यावर ओळखीचें चित्र उमटेपर्यंत जो थोडा वेळ जातो, तेवढ्यांत कर्नल शेंकडों कामें एकामागून एक उरकीत असतो. आधीं मेमरी किती आहे याची मोजदाद, मग घड्याळ, मग बाहेरून येणाऱ्या हांका ऐकण्याची व्यवस्था; त्यानंतर एकेका ड्रायव्हराची पाळी येते. अखेरीस डिस्क उघडून तो पहिला साधा प्रोग्राम सुरू करितो. त्या प्रोग्रामाचा क्रमांक नेहमीं एक असतो, आणि पुढचे सगळे त्याची लेंकरें किंवा नातवंडें. बटण दाबून चहाचा पेला हातीं घेणाऱ्याला यांतलें कांहींच दिसत नाहीं. दिसूं नये हेंच बरें.

आतां एका ड्रायव्हराच्या पाळीकडे आपण जरा निरखून पाहूं. समजा, उष्णता मोजणारें एखादें कार्ड आहे आणि त्याचा ड्रायव्हर कामास लागत आहे. त्याला आरंभीं चार गोष्टी जमवाव्या लागतात. प्रथम, हिशेब ठेवण्यासाठीं मेमरींतून थोडी जागा मागून घ्यावयाची. दुसरें, कार्डाशीं बोलण्याचे जे ठराविक पत्ते असतात त्यांचा पट्टा आपल्या नांवावर करून घ्यावयाचा. तिसरें, इंटरप्टची ओळ जोडून घ्यावयाची. कार्डाला कांहीं सांगावयाचें असलें म्हणजे तें जी घंटा वाजवितें, तीच ही समजा. आणि शेवटीं कर्नलाच्या वहींत नांव नोंदवून सर्वांस कळवावयाचें कीं हें यंत्र वापरण्यास आतां सिद्ध आहे. या चारांपैकीं कोणतीही मागणी नाकारली जाऊं शकते. मेमरी शिल्लक नसेल. पत्त्यांचा पट्टा दुसऱ्यानें आधींच घेतला असेल. कार्डच जागेवर नसेल. नकाराला आंकडे ठरलेले आहेत. शून्य म्हणजे काम झालें. उणे बारा म्हणजे मेमरी नाहीं. उणे सोळा म्हणजे ती वस्तु दुसऱ्याच्या हातांत आहे. उणे एकोणीस म्हणजे असें यंत्रच नाहीं.

तिसऱ्या पायरीवर नकार आला असें धरा. नवशिका मनुष्य काय करील? नकाराचा आंकडा वर कळवील आणि घरीं जाईल. वरवर पाहतां यांत चूक कांहींच नाहीं. जें घडलें तें त्यानें खरेंखरें सांगितलें. पण पहिल्या पायरीवर घेतलेली मेमरी आणि दुसऱ्या पायरीवर नांवावर केलेला पट्टा यांचें काय? तीं दोन्हीं त्याच्याच नांवावर राहिलीं, आणि तो तर निघून गेला. म्हणून नियम असा कीं, नकार मिळतांच जें जें घेतलें असेल तें तें परत करावें आणि मगच नकार कळवावा; आणि परत करावयाचें तें उलट्या क्रमानें. आमच्या आजीच्या स्वयंपाकघरांत कोपऱ्यांत मडक्यांची उतरंड असे. तळाचें मडकें सर्वांत मोठें, त्यावर त्याहून लहान, असा तिचा थाट. तळाच्या मडक्यांतलें कांहीं हवें असलें तर वरचीं सगळीं एकेक करून उतरवावीं लागत; मधलेंच ओढलें तर काय होईल तें पोरांनाही ठाऊक होतें. ड्रायव्हराच्या चार पायऱ्या ही तशीच उतरंड आहे.

क्रमाचा एवढा बाऊ कशाला, असें कोणी विचारील. समजा, घंटेची ओळ सोडण्यापूर्वींच कोणीं मेमरी परत केली, आणि त्या मधल्या क्षणांत घंटा वाजली. घंटेला उत्तर देणारा भाग धांवत येतो आणि नेहमींच्या ठिकाणीं हिशेब लिहितो. परंतु ती जागा आतां त्याची राहिलेली नाहीं. कदाचित् ती डिस्कचा कारभार पाहणाऱ्या दुसऱ्या एखाद्या भागास देऊनही झाली असेल. म्हणजे उष्णतेचा आंकडा कोणाच्या तरी फायलींत जाऊन बसला! असा बिघाड जेथें होतो तेथें दिसत नाहीं; दिसतो तो दुसरीकडेच, कांहीं तासांनीं, आणि मग निरपराध भागावर आळ येतो. चढतांनाही हेंच पथ्य. घंटेची ओळ जोडली कीं त्याच क्षणीं घंटा वाजूं शकते; ओळ जोडणारा स्वतःची पुढची ओळ वाचण्याच्या आधींसुद्धां. म्हणून उत्तर देणाऱ्यास लागणारें सगळें साहित्य अगोदर मांडून ठेवावें लागतें, आणि जगास कळविण्याचें काम सर्वांत शेवटीं करावें लागतें. पंगत मांडण्यापूर्वीं दार उघडलें तर पाहुणे रिकाम्या पाटांवर येऊन बसावयाचेच.

येथें विद्यार्थिमित्र अशी शंका काढतील कीं, आम्ही वर्गांत जे लहान लहान प्रोग्राम लिहितों त्यांत घेतलेली मेमरी परत करावयास विसरलों तरी कांहीं बिघडत नाहीं. खरें आहे. साधा प्रोग्राम संपला, मग तो धडपणें संपो कीं कोसळून, कर्नल त्याच्यामागें सगळें आवरून घेतो. उघड्या फायली मिटतो, मेमरी परत घेतो, कुलुपें काढतो. वसतिगृहाच्या गृहपतींनीं मुलें सुटीवर गेल्यावर खोल्या झाडून घ्याव्या तसें तें आहे. पण कर्नलाच्या स्वतःच्या मागें आवरणारा कोणी नाहीं. त्याच्या पोटांत जें सांडलें तें वीज बंद होईपर्यंत सांडलेलेंच राहतें. हा एक फरक नीट ध्यानीं आला म्हणजे आमच्या धंद्यांतली माणसें इतकीं काटेकोर, कित्येकदां किरकिरींही, कां असतात तें कळेल.

मग हें उलट्या क्रमानें परत करणें लिहावयाचें कसें? प्रत्येक पायरीपाशीं मागची सगळी यादी पुन्हां लिहावी, तर चौथ्या पायरीपाशीं तीन ओळी, दहाव्या पायरीपाशीं नऊ ओळी होतात. आणि पुढें मध्येंच एखादी नवी पायरी घालावयाची वेळ आली म्हणजे कोठें तरी एक ओळ राहून जाते. लिनक्साच्या लेखकांनीं यावर जी युक्ति रूढ केली ती पुस्तकी पंडितांस रुचण्यासारखी नाहीं. सी भाषेंत गोटू नांवाची एक आज्ञा आहे. तिचा अर्थ, येथून उठून अमुक खुणेपाशीं जा. डच गणिती एड्सगर डायक्स्ट्रा यांनीं मार्च १९६८ मध्यें एका प्रसिद्ध नियतकालिकास पत्र लिहून ही आज्ञा घातक ठरविली, आणि तेव्हांपासून पुष्कळ वर्गांत ती वर्ज्यच मानली गेली. (त्या पत्राचें जहाल शीर्षक मात्र डायक्स्ट्रा यांचें नसून संपादक निकलाउस विर्थ यांनीं दिलेलें होतें.) पत्रांतील तक्रार योग्यच होती. मजकुरांत वाटेल तेथून वाटेल तेथें उड्या मारूं लागलें म्हणजे वाचणाऱ्यास कांहीं उमज पडत नाहीं. परंतु लिनक्सांत हिचा उपयोग होतो तो उडी मारण्याकडे नव्हे, उतरण्याकडे. फंक्शनाच्या तळाशीं नदीच्या घाटासारख्या पायऱ्या बांधलेल्या असतात. सर्वांत वरची पायरी इंटरप्ट सोडते, तिच्या खालची पट्टा सोडते, त्याच्या खालची मेमरी परत करिते, आणि अगदीं खालीं नकाराचा आंकडा घेऊन बाहेरची वाट. तुमचें काम जेथें अडलें त्या मानानें योग्य त्या पायरीवर यावयाचें आणि तेथून खालपर्यंत सरळ उतरत जावयाचें. पट्ट्याशींच अडलें तर खालचीच पायरी. शेवटच्या नोंदणीशीं अडलें तर सगळा घाट. लिनक्साच्या लेखनपद्धतीच्या नियमांत हा प्रकार स्पष्ट शब्दांत मान्य केलेला आहे, आणि पायरीला नांव देतांना ती काय करिते तें नांवांत यावें, एक दोन तीन असे नुसते आंकडे घालूं नयेत, असेंही तेथें बजावलेलें आहे. आमची स्वतःची संवय अशी कीं, नवा ड्रायव्हर वाचावयास घेतला म्हणजे प्रथम फंक्शनाचा तळ पाहतों. तेथला घाट नीट बांधलेला असला तर वरचा मजकूरही बहुधा जपून लिहिलेला असतो.

तळाशीं सगळ्यांसाठीं एकच पायरी ठेवणारे आळशी लेखकही भेटतात. तिथें जें मिळालेंच नाहीं तेंही परत करण्याचा प्रयत्न होतो, आणि रित्या हातानें दान करावयास निघालेल्या माणसाची जी फजिती व्हावी ती कर्नलाची होते. परंतु याहूनही वाईट एक खोड आहे. अडलेली पायरी सोडवून, सगळें नीट परत करून, फंक्शन शेवटीं जो आंकडा कळवितें तो एका ठराविक जागीं साठविलेला असतो. मागची पायरी यशस्वी झाली तेव्हां त्या जागीं शून्य पडलेलें असतें. पुढची पायरी अडली असतां तेथें नवा आंकडा घालावयास लेखक विसरला, तर फंक्शन सगळें मोडून, आवरून, बाहेर येऊन सांगतें तें काय? शून्य! म्हणजे सर्व कांहीं ठीक. मागच्या पायरीच्या यशाचें शून्य पुढच्या पायरीच्या अपयशावर पांघरूण घालतें. कर्नल त्या शब्दावर विश्वास ठेवून पुढें चालूं लागतो, आणि कधीं तरी त्या यंत्राकडे काम घेऊन जातो. तेथें यंत्र उभेंच केलेलें नसतें. जो ड्रायव्हर नाहीं म्हणतो त्याच्याशीं व्यवहार करितां येतो. जो नसतांना हो म्हणतो त्याच्याशीं करितां येत नाहीं. हा दोष इतका वारंवार सांपडतो कीं, डॅन कार्पेंटर यांच्या स्मॅच नांवाच्या तपासनीस प्रोग्रामांत तो हुडकण्याची खास व्यवस्था केलेली आहे.

हें सगळें केवळ टापटिपीचें प्रकरण आहे असें पालकांस वाटण्याचा संभव आहे. म्हणून एक प्रत्यक्ष पाहिलेला प्रकार सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं एका तालुक्याच्या गांवच्या रुग्णालयांत रक्त तपासण्याचें यंत्र होतें. त्याच्या पोटांत लिनक्सवर चालणारा लहानसा संगणक होता. हें यंत्र आठवडाभर उत्तम चाले आणि रविवारीं संध्याकाळीं बंद पडे. प्रत्येक रविवारीं नव्हे, पण बंद पडलें तर रविवारींच! त्यावर नाना तर्क झाले. कोणी म्हणे, रविवारीं विजेचा दाब कमीजास्त होतो. कोणी म्हणे, सुटीच्या दिवशीं शिकाऊ मुलें तें हाताळतात. यंत्र विकणाऱ्यांनीं, ते कोण हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं, आंतला मुख्य बोर्ड दोनदां बदलून दिला. एका रविवारीं रात्रीं बाळंतपणासाठीं आणलेल्या एका बाईच्या रक्ताचा नमुना त्यामुळें मोटारसायकलवरून जिल्ह्याच्या गांवीं न्यावा लागला आणि उत्तर येईपर्यंत डॉक्टर हात चोळीत बसले. बाई व मूल दोन्हीं सुखरूप राहिलीं. परंतु त्यानंतर रुग्णालयानें तगादा लाविला, आणि फिरत फिरत तें काम आमच्याकडे आलें.

दोष सांपडण्यास तीन दिवस लागले. औषधें थंड ठेवण्याच्या कप्प्यांत उष्णता मोजणारी एक लहानशी वस्तु बसविली होती आणि तिची तार सैल झाली होती. तिचा ड्रायव्हर आरंभीं ६४ किलोबाइट मेमरी घेई, मग त्या वस्तूला हांक मारी, ती मुकाट. ड्रायव्हर प्रामाणिकपणें नकार कळवी, पण घेतलेले ६४ किलोबाइट परत करीत नसे. एवढ्यानेंही कांहीं झालें नसतें. परंतु देखरेखीसाठीं एक दुसरा प्रोग्राम ठेविला होता, आणि तो कर्तव्यदक्ष असल्यामुळें दर १० सेकंदांनीं त्या ड्रायव्हरास पुन्हां बोलावीत असे. दिवसांतून ८,६४० वेळां. म्हणजे दिवसाला ५४० मेगाबाइट मेमरी नाहींशी होई. यंत्राची एकंदर मेमरी १ गिगाबाइट. इतर दिवशीं रात्रीं काम आटोपल्यावर यंत्र बंद करीत, त्यामुळें दररोज सकाळीं सगळें पुन्हां कोरें होई. शनिवारीं मात्र, रविवारीं कोणी अत्यवस्थ रोगी आला तर असावें म्हणून, तें चालूच ठेवीत. शनिवारच्या सकाळपासून रविवारच्या संध्याकाळपर्यंत छत्तीस तासांत ८१० मेगाबाइट सांडले, आणि तार त्या आठवड्यांत सैल असली तर मेमरी संपली.

पुढचा भाग आम्हांस विशेष बोधक वाटला. मेमरी अगदीं संपली म्हणजे कर्नल नाइलाजानें चालत्या प्रोग्रामांपैकीं एकाचा बळी देतो, आणि ज्याच्या नांवावर मेमरी सर्वांत अधिक तो बहुधा पहिला जातो. सांडलेली मेमरी कोणाच्याच नांवावर नव्हती. नांवावर सर्वांत अधिक होती ती रक्त तपासणाऱ्या मुख्य प्रोग्रामाच्या. तेव्हां त्याचाच बळी गेला. एका क्षुल्लक तारेनें यंत्र थांबविलें नव्हतें. ती तार तुटलीच असती तरी रक्ताची तपासणी चालूं शकत होती; कप्प्याची उष्णता कळली नसती, इतकेंच. यंत्र थांबलें तें नकारानंतर जें वागावयाचें तसें न वागल्यामुळें. दुरुस्ती दोन ओळींची झाली: तळाशीं एक खूण आणि मेमरी परत करण्याची एक ओळ. तार आमच्याबरोबर आलेल्या मुलानें पेचकसानें घट्ट केली.

आतां उलट बाजूचा प्रश्न. नकार मिळाला असतां थांबावयाचें कोणीं, आणि पुढें चालावयाचें कोणीं? याचें उत्तर सर्वत्र एक नाहीं. कर्नल जागा होतांना शेंकडों ड्रायव्हरांस आळीपाळीनें हांक मारितो, आणि त्यांपैकीं एखाद्यानें नकार कळविला तरी आपण थांबत नाहीं. पुढच्याला हांक मारितो. कॅमेरा सांपडला नाहीं म्हणून आख्खा संगणक कां मरावा? पण मुख्य डिस्कच उघडतां आली नाहीं, किंवा क्रमांक एकचा प्रोग्राम सांपडला नाहीं, तर पुढें चालण्यांत अर्थ नसतो. तेव्हां तो कारण सांगून जागच्या जागीं थांबतो. याला पॅनिक म्हणतात, म्हणजे धाबें दणाणणें. वास्तविक तो फार शांतपणें घेतलेला निर्णय असतो. दूरच्या डोंगरावर किंवा विजेच्या खांबावर बसविलेल्या यंत्रास अशा वेळीं अमुक सेकंद थांबून आपोआप पुन्हां सुरू हो असें आधींच सांगून ठेवितां येतें. तरुण लेखकांचा कल बारीकसारीक गोष्टींसाठीं सगळें यंत्र थांबविण्याकडे असतो, कारण त्यांत पायऱ्या बांधण्याचा त्रास वांचतो. टोरव्हाल्ड्स यांनीं या वृत्तीवर अनेकदां कडक शब्दांत कोरडे ओढले आहेत. आमचें मतही तेंच आहे. ड्रायव्हर लिहिणारा हा घरमालक नव्हे, भाडेकरी आहे. स्वतःचा नळ फुटला म्हणून सगळ्या चाळीचें पाणी बंद करण्याचा अधिकार त्याला नाहीं.

एवढें सगळें ठाऊक असतां चुका राहतात तरी कां? याचें कारण २०१४ सालच्या अखेरीस लिनक्साच्या जाणत्या लोकांमध्यें निघालेल्या एका चर्चेंत चांगलें उघड झालें. मेमरीची लहान मागणी, म्हणजे सुमारें ३२ किलोबाइटपर्यंतची, कर्नल जवळजवळ कधींच नाकारीत नाहीं, असें त्या वेळीं पुष्कळांच्या प्रथमच ध्यानीं आलें. तो वाट पाहतो, दुसऱ्याचा बळी देतो, पुन्हां पुन्हां प्रयत्न करितो. पण नाहीं म्हणत नाहीं. लेखकांनीं तर वर्षानुवर्षें प्रत्येक मागणीखालीं नकाराची व्यवस्था लिहिलेली. म्हणजे हजारों ठिकाणीं बांधलेल्या त्या घाटांच्या पायऱ्यांवर कोणाचें पाऊलच कधीं पडलें नव्हतें. वापर नसलेल्या पायरीचा दगड सैल आहे कीं घट्ट, कळावें कसें? नकार इतका विरळा कीं त्याची परीक्षा होत नाहीं, आणि परीक्षा होत नाहीं म्हणून नकार आला त्या दिवशींच सगळें ढांसळतें.

यावर एक उपाय म्हणजे मुद्दाम नकार देणें. लिनक्सांतच अशी सोय आहे कीं, परीक्षेपुरतें कर्नलास सांगावें, मेमरीच्या शंभर मागण्यांपैकीं अमुक इतक्या खोट्याच नाकार; मग कोणता ड्रायव्हर कोठें अडखळतो तें पाहावें. आम्ही आमच्या हाताखालच्या मुलांकडून पहिली मागणी नाकारून, मग दुसरी, मग तिसरी, असा सगळा घाट पायरी पायरीनें तपासून घेतों. काम कंटाळवाणें आहे आणि त्याबद्दल कोणी पाठ थोपटीत नाहीं. दुसरा उपाय म्हणजे चालविल्यावांचून नुसता मजकूर वाचून दोष काढणारे प्रोग्राम. फ्रान्समध्यें ज्यूलिया लॉवल या विदुषीनें व त्यांच्या सहकाऱ्यांनीं कॉक्सिनेल नांवाचें असें साधन तयार केलें आहे. फ्रेंच भाषेंत कॉक्सिनेल म्हणजे ठिपक्यांचा तो लाल किडा, जो पिकांवरील मावा खातो. प्रोग्रामांतील दोषालाही इंग्रजींत किडाच म्हणतात, हें ध्यानांत घेतलें म्हणजे नांवांतली गंमत कळेल. लिनक्सांतील नकारानंतरच्या मजकुरांतले कितीएक दोष या किड्यानें खाऊन टाकिले आहेत.

तिसरा उपाय अधिक मूलगामी आहे. पायऱ्या माणसानें बांधावयाच्याच कशाला? २००७ सालच्या सुमारास लिनक्सांत अशी व्यवस्था आली कीं, ड्रायव्हर जें जें मागेल त्याची नोंद कर्नलानेंच त्या यंत्राच्या खात्यावर ठेवावी, आणि आरंभ फसला किंवा यंत्र काढून घेतलें तर उलट्या क्रमानें सगळें आपणच परत घ्यावें. पुष्कळ ड्रायव्हर यामुळें निम्म्यानें सुटसुटीत झाले. मात्र कांहीं वस्तु खात्यावर आणि कांहीं हातावर अशी सरमिसळ केली कीं क्रम पुन्हां बिघडतो, आणि घंटेची ती जुनी गोष्ट नव्यानें घडते; ज्यांनीं उतरंड कधीं पाहिलीच नाहीं त्यांच्या हें ध्यानीं येत नाहीं. २०२२ च्या डिसेंबरांत रस्ट नांवाच्या नव्या भाषेलाही लिनक्सांत प्रवेश मिळाला. तिच्यांत नकाराकडे काणाडोळा करून पुढें जाणें अवघड करून ठेविलें आहे, आणि घेतलेली वस्तु धनी गेला कीं आपोआप परत जाते. आम्ही आतां तीही शिकत आहों. वय झालें म्हणजे नवी भाषा चढावयास वेळ लागतो, पण चढते.

नकाराचा आणखी एक प्रकार सांगावयाचा राहिला, आणि तो आमच्या विशेष आवडीचा आहे. कांहीं वेळां ड्रायव्हराचें अडतें तें यंत्र बिघडल्यामुळें नव्हे, तर त्याला वीज पुरविणारा दुसरा भाग अजून जागा झालेला नसतो म्हणून. पूर्वीं अशा वेळीं ड्रायव्हर नकार देऊन कायमचा बाजूला होई, आणि कोणाला आधीं उठवावें याच्या याद्या माणसें हातानें जुळवीत बसत. २०१२ सालीं यासाठीं एक निराळाच आंकडा आला: उणे पांचशें सतरा. त्याचा अर्थ नाहीं असा नव्हे. आतां नाहीं, पुन्हां विचारा, असा आहे. कर्नल त्याचें नांव एका यादींत ठेवितो आणि दुसरे कोणी उठले म्हणजे पुन्हां हांक मारितो. पण पुन्हां विचारा म्हणणाऱ्यानेंही हातांतलें सगळें आधीं खालीं ठेवावें लागतें, कारण तो पुन्हां येणार तो कोऱ्या हातानेंच आला पाहिजे. नाहीं तर रुग्णालयांतल्या त्या यंत्रासारखें व्हावयाचें.

ज्या विद्यार्थ्यांच्या घरीं किंवा शाळेच्या प्रयोगशाळेंत लिनक्सचा संगणक असेल त्यांना हें सगळें डोळ्यांनीं पाहतां येईल. टर्मिनलच्या खिडकींत डीमेसेज ही आज्ञा द्यावी. कोठें कोठें त्यासाठीं शिक्षकांची परवानगी व पासवर्ड लागेल. यंत्र जागें झाल्यापासूनची हकीकत ओळीमागून ओळ पडद्यावर येईल, आणि प्रत्येक ओळीच्या आधीं सेकंदाच्या अंशापर्यंत वेळ लिहिलेली असेल. बहुतेक ओळी कळणार नाहींत. त्यांचें दुःख करूं नये, आम्हांसही सगळ्या कळत नाहींत. त्यांतील उणे आंकडे मात्र शोधावे. उणे एकोणीस दिसलें तर कोणी तरी यंत्र शोधीत होता आणि तें त्याला सांपडलें नाहीं. उणे बारा दिसलें तर तें वडील माणसांस दाखवावें. आणि उणे पांचशें सतरा दिसलें तर आणखी कांहीं ओळी खालीं जाऊन पाहावें. तोच ड्रायव्हर बहुधा तेथें पुन्हां भेटेल, आणि या खेपेस त्याचें काम झालेलें असेल.